खंडेनवमीच्या फडक्यातला शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, माझा वरचा पुठ्ठा कधीच गळून पडलाय, कणा खळीनं दोनदा चिकटवलाय आणि पानांच्या कडा भंडाऱ्यानं पिवळ्या झाल्यात. माझ्या पोटात चाळीस हजार शब्द आहेत. काही गोड, बरेचसे साधे, आणि काही असे की ऐकताच अंगावर काटा यावा. पण मला तोंड नाही. कुणी उघडलं तरच मी बोलतो. नाही उघडलं, तर घरात काहीही होवो, मी गप्प. त्या गप्प बसण्याचीच गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका बोळातल्या छापखान्यात झाला. शाईचा वास, पानं शिवणाऱ्या बायकांची चपळ बोटं, आणि मग खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते शिरूरच्या एस.टी. स्टँडाजवळच्या दुकानात. तिथून मला भिमानं घरी नेलं. तो तेव्हा आयटीआयला होता. रांजणगावच्या कंपनीत मुलाखतीला इंग्रजीतून विचारतात म्हणे, याची त्याला धास्ती बसली होती.

मांडवगण फराट्याच्या शिवारात, मेंढवाड्याला लागून, त्याचं दोन खोल्यांचं घर. त्याचे वडील गेणबा, घरातले आबा, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. भिमा रोज वीस शब्द पाठ करायचा आणि पाठ झालेल्या प्रत्येक शब्दापुढं लाल पेन्सिलीनं बारीक खूण करायचा. नोकरी लागली तेव्हा पेढे वाटताना तो आबांना म्हणाला, "ह्या बुकानं लावली बरं का नोकरी." आबांनी मला हळदकुंकू लावलं. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

पुढं मोबाईल आला आणि माझी गरज संपली. माझ्या पानांत रेशनकार्ड राहू लागलं, गॅसची पावती राहू लागली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मी दाराला टेकू झालो. भिमाचं लग्न झालं, सोनम घरात आली, करिश्मा जन्मली, आणि ताटाशी हात पोचावा म्हणून ती माझ्यावर बसून जेवायला शिकली. तिच्या बुडाखाली मी निमूट असायचो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

करिश्मा सातवीत गेली आणि शाळेत सुलक्षणाबाई आल्या. त्यांनी मुलांना शब्द शोधायला शिकवलं. पानाच्या डोक्यावरचे दोन शब्द आधी बघायचे, मग खाली बोट फिरवायचं. शब्द उतरवून घेतला की मूळ मजकुराशी एकेक अक्षर ताडून बघायचं. वह्या अदलाबदल करून एकमेकांच्या चुका काढायच्या. बाईंचं एक वाक्य करिश्मा घरी येऊन सारखं म्हणायची, "अंदाजानं अर्थ लावायचा न्हाई, बाई म्हणतात, उघडून बघायचं." तिनं मला दारामागून उचललं, पुसलं, आणि मी पुन्हा बोलू लागलो.

ही गोष्ट एका खंडेनवमीची.

त्या दिवशी या घरात अवजारं पुजतात. लोकर कातरायची कातर, कोयता, भिमाच्या पान्यांची पेटी आणि करिश्माची पुस्तकं. सगळ्यांत जाडजूड म्हणून आबांनी मला तळाशी ठेवलं, वर बाकीची पुस्तकं रचली, पांढऱ्या फडक्यात गाठ मारली आणि भंडारा उधळला. दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत गाठ सोडायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. वर्षात एकदा मला देव करतात, आणि नेमकं त्याच दिवशी मला कुणी उघडत नाही. फडक्यातून मला दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं.

मला भिमाची बढाई ऐकू आली. दसऱ्याला भांडगावचे पाहुणे यायचे होते आणि नळ दिवसाआड. म्हणून त्यानं आदल्याच दिवशी रांजणगावच्या रस्त्यावरल्या एका भंगारवाल्याकडून कंपन्यांतून निघालेले दोन निळे ड्रम आणले होते. एक आपल्याला, एक शेजारच्या गिताबाईंना. असे ड्रम त्या रस्त्यानं घरोघर गेलेत. त्यानं ते आतून राखेनं घासले, साबणानं धुतले, उन्हात पालथे घातले. सोनमनं आत काय होतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "असंल काय तरी. समदेच नेत्यात, कुणाला काय झालंय?" मग पाणी भरल्याचा आवाज आला. ड्रमच्या तळावर पहिली धार पडते ना, तसा पोकळ आवाज. तो अजून माझ्या कानात आहे. दुपारी भिमा दुसऱ्या पाळीला कंपनीच्या बसनं निघून गेला. घरातला मोठा फोनही त्याच्याबरोबर गेला.

करिश्माला बाईंनी सुट्टीचा अभ्यास दिला होता. घरातल्या वस्तूंवरचे दहा इंग्रजी शब्द उतरवायचे आणि अर्थ लिहायचे. वही तिनं पूजेतून हळूच मागं ठेवली होती. नऊ शब्द तिला माहीत असलेले निघाले. दहावा तिला ड्रमवर सापडला. भिंतीकडच्या अंगाला चिकटलेला, अर्धा सोललेला कागद. ती मोठ्यानं अक्षरं जुळवत होती. अक्षरं ऐकली आणि माझी पानं आतल्या आत आखडली. तो शब्द माझ्यात होता. एफच्या पानावर, उजव्या बाजूला, वरून सातवा.

ती आबांपाशी आली. फडकं थोडं सोडू का, एकच शब्द बघायचाय, म्हणाली.

"आज न्हाई," आबा म्हणाले. "देवाला निजू दे."

"आबा, ते पाणी प्यायचंय आपल्याला."

"मग पी की. तुझ्या बापानं तीनदा धुतलाय त्यो."

ती हलली नाही. तिच्या बांगड्यांची किणकिण मला पूजेपाशीच ऐकू येत राहिली. स्वयंपाकघरात सोनमनं ड्रममधून कळशी भरून घेतली. पीठ परातीत पडलं. करिश्माची धाकटी तान्ही बहीण तहानेनं रडायला लागली, आणि तिच्यासाठी वाटीत पाणी ओतून ठेवल्याचा आवाज आला. मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर ओरडला असता. मी फडक्यात बांधलेला होतो.

आबा उठून बाहेर गेले. व्यायला झालेली एक मेंढी त्यांनी दाराशी बांधली होती. तिच्यापुढं त्यांनी त्याच ड्रममधल्या पाण्याची बादली ठेवली. सकाळपासून तिला पाणी नव्हतं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पुन्हा बादली सरकवल्याचा आवाज. पुन्हा काहीच नाही.

आबा आत आले ते धापा टाकतच. "मेंढी तोंड लावंना," एवढंच म्हणाले. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं गाठ सोडली.

उजेड डोळ्यांत घुसला. करिश्माची बोटं चुकली नाहीत. डोक्यावरचे शब्द, मग खाली, सातव्या ओळीवर. तिनं वाचलं, "फेटल. जीव घेणारे."

आबांनी सुनेच्या हातातली वाटी हिसकावली. पाणी तान्हीच्या ओठांपासून चार बोटांवर होतं. सोनमनं लेकीला छातीशी धरलं.

"दुसरा ड्रम," करिश्मा म्हणाली.

मला काखेत मारून ती पळाली. फडकं मागं फरफटत होतं. गिताबाईंच्या ओट्यावर तांब्या पालथा पडला होता. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. आम्हाला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "काय गं करे, पोटात जरा मळमळतंय."

शिरूरच्या दवाखान्यात त्या अकरा दिवस होत्या. परत आल्या, पण त्यांच्या हाताची थरथर गेली नाही. भिमा भेटायला गेला की त्या त्यालाच धीर देतात. ते त्याला बोलणी खाण्यापेक्षा जास्त लागतं.

खंडेनवमीच्या त्या रात्री पाळीहून परतल्यावर भिमानं मला मांडीवर घेतलं होतं. एफचं पान उघडलं. सातव्या शब्दापुढं त्याचीच लाल पेन्सिलीची खूण होती. एकोणीस वर्षांपूर्वीची. शब्द त्याला पाठ होता. ड्रम आतून घासताना बाहेरचा तो सोललेला कागद तेवढा त्यानं वाचला नव्हता. त्या खुणेवर त्यानं अंगठा ठेवला.

आता खंडेनवमीला आबा मला पूजेत मांडतात, पण उघडा. गाठ मारत नाहीत.

मित्रांनो, मला पुठ्ठा घालू नका, हळदकुंकूही नको. पानांवर तुमच्या बोटांचे डाग पडू द्या, मी त्यातच सुखी आहे. करिश्मा मला घेऊन शाळेला जाते त्या रस्त्याला निळ्या ड्रमांची रांग आहे. दारादारांत, झाकण लावलेले, भरलेले. ती प्रत्येकापाशी थांबते आणि मागची बाजू वाचते. बऱ्याच ड्रमांवरचा कागद कुणीतरी खरवडून काढलेला असतो. तिथं ती जरा जास्त वेळ थांबते.

तिथं मलाही काही सांगता येत नाही.