पाटातली खडी

पठारावरच्या पडक्या घराचे उत्खनन मी सुरू केले, तेव्हा पहिल्याच दिवशी दोन प्रेक्षक येऊन बसले. दोघांनी बसण्यासाठी असे दगड निवडले की एकमेकांकडे पाठ व्हावी. एक होती मेंढ्या पाळणारी विधवा बाई. उताराच्या खालच्या अंगाला तिचे घर होते. दुसरा तिचा दूरचा चुलतभाऊ, शहरात दुकान असलेला शिंपी. दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ. त्यातल्या धाकट्याचे कुटुंब या वरच्या घरात राहत होते आणि पुढे ते घर सोडून शहरात गेले, इथवर दोघांचे एकमत होते.

इथून पुढचा प्रश्न जमीन अधिकाऱ्याने माझ्याकडे पाठवला होता. स्वतःहून सोडलेल्या कुरणावरचा हक्क संपतो. हुसकावून लावलेल्यांचा संपत नाही. धाकटी पाती आपणहून गेली असेल तर घराभोवतीचे कुरण बाईकडे राहणार होते. हुसकावली गेली असेल तर ते शिंप्याला मिळणार होते आणि बाईला कळप विकावा लागणार होता, कारण चरायला तिच्याकडे दुसरी जागा नव्हती.

शिंप्याचे म्हणणे असे की थोरल्याने धाकट्याच्या कुटुंबाला घरात कोंडून दार दगडांनी चिणले आणि ते छप्पर फोडून जीव वाचवून पळाले. बाईचे म्हणणे असे की धाकटा आळशी होता, थंडीला कंटाळला आणि गेला. दोन्ही कथांना पुरावा एकाच प्रकारचा होता: सांगणाऱ्याने ती लहानपणी ऐकली होती.

दार खरोखरच दगडांनी बंद केलेले निघाले. मातीशिवाय भिंत रचणारा माणूस प्रत्येक दगडाची सपाट बाजू स्वतःकडे ठेवतो, कारण त्याला दिसते तेवढीच बाजू तो जुळवू शकतो. इथे सपाट बाजू बाहेर होती. हे मी माझ्या मदतनिसांना सांगत असताना शिंपी ताडकन उठला.

"ऐकलंस ना, ताई? बाहेरून! खुनी आहात तुम्ही. पिढ्यान्‌पिढ्या खुनी."

"ओरडू नकोस, मेंढ्या बिथरतात," बाई वळूनही न पाहता म्हणाली. "एवढा आवाज गिऱ्हाइकांपुढे काढला असतास तर उरलेलं कापड परत मागितलं नसतं कुणी."

"दार बाहेरून बंद झालं, एवढंच मी म्हणाले," मी म्हटले. "आत कोणी होतं, असं नाही."

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात, मॅडम?" शिंप्याने विचारले. या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

आत कोसळलेल्या छपराच्या फरश्या होत्या, त्यांच्याखाली वाऱ्याने आणलेल्या मातीचा थर आणि त्याखाली जमीन. ती झाडून काढल्यासारखी होती. नखाएवढ्या चार-दोन खापऱ्यांपलीकडे तिच्यावर काही नव्हते. चुलीचे दगड नेलेले. दाराची फळी नेलेली. ज्या खळगीच्या दगडात दाराचा खुंटा फिरत असे तो दगडसुद्धा उपटून नेलेला. जळल्याची खूण कुठेच नव्हती, आणि छप्पर फुटले होते ते घर रिकामे झाल्यानंतर बऱ्याच काळाने. दार काढून नेले की चौकट उघडी राहते. तिच्यातून जनावरे शिरू नयेत म्हणून जाणारा माणूस बाहेरून दगड रचतो. घर मागे ठेवून शांतपणे निघालेल्यांचेच हे काम होते.

बाई हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले आणि ते पाहण्यासारखे नव्हते.

"काय रे, कोंडलेला असताना दार पाठीवर बांधून पळाला का तुझा पणजोबा? आणि पळण्याआधी केर काढला?"

शिंप्याने दात-ओठ खाल्ले. दुसऱ्या दिवशी तो आला, पण माझ्याशी बोलला नाही. बाईने मात्र आमच्यासाठी तिच्या दगडी कुंडातले पाणी भरून पाठवले. माझ्या निष्कर्षाबद्दल मिळालेली ही बक्षिसी होती आणि ती घेताना मला बरे वाटले नाही.

घरामागच्या अंगणात एक खड्डा होता. मी त्याला आधी धान्याचे पेव समजले होते. उपसल्यावर दिसले की तो छिन्नीने खडकात फोडलेला आहे, माणूस बुडेल इतका खोल, आणि अर्ध्यावर सोडलेला: तळाची एक बाजू दुसरीपेक्षा ढोपरभर खाली गेली होती. पेव असे कोणी खणत नाही. विहीर खणतात. तळ कोरडा ठणठणीत होता.

आता, एवढा खडक फोडला तर त्याची खडी कुठेतरी गेली असणार. ती सापडली पाटात. वरच्या झऱ्यापासून घरापर्यंत दगडांनी बांधलेला हा पाट कित्येक वर्षे कोरडा होता. त्यात खडीचा ढीग थेट धुतलेल्या वाळूवर बसला होता. मध्ये गाळाचा थर नाही, पाचोळा नाही. म्हणजे पाणी आटल्यावर लगेचच खडी पडली. आणि वाहत्या पाण्याच्या पाटात, ज्यातून आपण पितो त्यात, कोणी खडी टाकत नाही. पाणी थांबले तेव्हा माणसे घरात होती. ती पाण्यासाठी खडक फोडत राहिली, मग थकली आणि केर काढून निघून गेली.

पाटाच्या मागाने मी झऱ्यापर्यंत चढले. झऱ्याचे पाणी जिथे दोन वाटांना फुटत असे त्या फाट्यावर चिकणमाती आणि दगड ठासून पाटाचे तोंड बुजवलेले होते. सगळे पाणी दुसऱ्या अंगाने खाली उतरत होते, बाईच्या कुंडाकडे.

ती माझ्या मागोमाग चढून आली होती.

"जाताना त्यांनीच बुजवलं असेल," ती म्हणाली.

"जायचं ठरवलेला माणूस विहीर खणत नाही, मावशी."

"मावशी म्हणू नकोस मला." तिने फाट्याकडे पाहिले. "त्या कुंडातलं पाणी तुझी माणसं रोज पितात."

"हो."

"मग ते लिही. आणि खडीचं राहू दे."

मी खडीचे लिहिले. कोणी बुजवले ते लिहिले नाही, कारण ते दगडांवरून कळत नाही. अधिकारी येऊन फाटा, खड्डा आणि पाट पाहून गेला आणि त्याने ठरवले की तिथे राहणे अशक्य करण्यात आले होते. कुरण शिंप्याचे झाले.

त्याचे समाधान मात्र झाले नाही. "कोंडलं नव्हतं असं लिहिलंत तुम्ही," तो म्हणाला. "केर काढून गेले म्हणे. आमची माणसं काय भाडेकरू होती?"

निकाल लागला त्याच दुपारी तो पहार घेऊन फाट्यावर गेला. मी त्याला थांबायला सांगितले. घराचा उत्तरेकडचा अर्धा भाग खणायचा राहिला होता आणि पाट तिथेच उतरत होता.

"तुमचं काम झालंय, मॅडम," त्याने उत्तर दिले.

बाई खाली कुंडापाशी उभी होती. तिथून तिने ओरडून विचारले, "मेंढ्या नाहीत तुझ्याकडे. पाणी कोणाला पाजणार आहेस?"

"कोणालाच नाही," तो म्हणाला आणि पुढचा दगड उपसायला वाकला.

पाणी आधी गढूळ आले. खडीला अडून ते बाजूने फुटले, अंगणात पसरले आणि माझ्या चरात शिरले. मी आणि मदतनीस उपकरणे उचलू लागलो. खालच्या कुंडात पडणारी धार तुटताना बाईने थोडा वेळ पाहिले, मग कुत्र्याला शीळ घातली आणि सगळा कळप वर काढला. तहानलेल्या मेंढ्यांना वाट दाखवावी लागली नाही. त्या दारातून, पडक्या भिंतीवरून, खुणेच्या दोऱ्या ओढत घरात घुसल्या आणि न खणलेल्या अर्ध्या भागाचा चिखल करत पिऊ लागल्या.

"आता तुझीच जागा आहे ना?" बाई भिंतीवर बसून म्हणाली. "हाकल की. एकेक करून हाकल."

शिंपी पहार घेऊन कळपात उतरला. मेंढी कुठून धरतात हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हते.