उलटं मीटर

धुलाईखान्यात मला सगळ्या ‘उलटं मीटर’ म्हणतात. म्हणजे बाकीच्यांचं वय पुढे पळतं, माझं मागे. “अजून दहा वर्षांनी हिला पाळण्यात घालावं लागेल,” असं वाळवणीवरची बाई म्हणते आणि सगळ्या खिदळतात. सात वर्षं मीही खिदळत होते. आता त्या हसण्याची नुसती चीड येते.

आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी येतात. दोघींनी दोन टोकं धरायची आणि ओली चादर गरम रोलरवर सोडायची, आठ तास उभ्याने. माझी जोडीदारीण आणि मी, अठरा वर्षं हेच करतोय. बसायचं काम एकच, फाटक्या चादरी शिवायचं, आणि ती खुर्ची सगळ्यांत वयस्कर बाईला मिळते असा इथला रिवाज. गेल्या महिन्यात शिवणारी आजी घरी बसली. आता सगळ्यांत मोठी मीच, मला सत्तावन्न पूर्ण झालीत. उजवा गुडघा संध्याकाळपर्यंत भोपळ्याएवढा होतो. उभं राहणं बंद करा नाहीतर गुडघा कायमचा जाईल, असं डॉक्टरने बजावलंय. म्हटलं, चला, सुटले एकदाची.

सोमवारी मुकादम आला आणि माझ्या जोडीदारणीला म्हणाला, “मावशी, उद्यापासून खुर्ची तुमची.”

तिचं वय एक्कावन्न!

“आणि मी?” मी विचारलं.

“ताई, तुमचं काय घेऊन बसलात! तुम्ही तर उलटं मीटर. अजून वीस वर्षं चादरी ओढाल.”

हा बाबा वय वहीत बघत नाही, तोंडावर बघतो. गाल बसलेले दिसले की मावशी, नाहीतर ताई. सगळ्या हसल्या. मी जोडीदारणीकडे पाहिलं. तिला माझं वय पक्कं ठाऊक आहे, तीच तर मला मोठी म्हणून ताई म्हणते. पण ती खाली मान घालून चादरीचं टोक सरळ करत राहिली.

माझं डोकंच फिरलं. चादर तशीच टाकली आणि मुकादमाच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. “वही काढ! जन्मतारीख बघ माझी!”

“आवाज खाली, ताई.”

“अरे हट्! चाळिशीची असताना मला इथे आजी म्हणायचे. तेव्हा दिली का कुणी खुर्ची? नवरा रात्ररात्र झोपू द्यायचा नाही. पुढचे दोन दात त्यानेच पाडले. सात वर्षांमागे तो मेला तेव्हा कुठे मी झोपायला लागले, दात बसवले, खाल्लेलं अंगी लागलं. हे तुमचं उलटं मीटर! आणि त्याची शिक्षा म्हणून मी उभी राहू?”

त्याने मुकाट्याने वही काढली. बोट माझ्या ओळीवर थांबलं आणि त्याचे कान लाल झाले.

“चुकलं, ताई.”

“मावशी म्हण!” मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर मी बसले आणि जोडीदारीण परत रोलरवर गेली. तरी माझा राग काही उतरेना. जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं.

“अठरा वर्षांची जोडी आपली, आणि तू तोंड शिवून उभी राहिलीस? माझा गुडघा दिसत नाही तुला?”

“दिसतो,” ती म्हणाली. “पण तो मला मावशी म्हणाला ना, तेव्हा वाटलं, या थोबाडाचा एकदा तरी काही उपयोग झाला.” मग डब्यात बघत म्हणाली, “तुझा नवरा मेला, ताई. माझा आहे अजून.”

तिच्या हातांवरचे डाग मी आजवर रोलरचे चटके समजत होते. माझ्या हातांवर तसे डाग नाहीत, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. मी, जिने हे सगळं स्वतः भोगलंय! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. राग आणखी चढला आणि कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तिच्यावरच काढला.

“खुर्ची मी देणार नाही, सांगून ठेवते. गुडघा माझाही खराच आहे. पण आज सुटल्यावर त्या घरी जायचं नाही. माझ्याकडे यायचं. आतली खोली रिकामी पडलीय.”

“आणि कपडे?”

“माझे घाल.”

“तो इथे येईल शोधत.”

“येऊ दे मेल्याला! मी आहे ना दारात.”

तिने माझ्या दंडाकडे बघितलं, मग स्वतःच्या.

“सैल होतील मला,” म्हणाली.

“मग नीट जेव की, बये!” मी ओरडले आणि मला रडूच फुटलं.