राजदूताचा निळा चेहरा

नट व्हर्जिल टेट रंगभूषेच्या खुर्चीत डोळे मिटून पडला होता. राजदूताचा रबरी चेहरा चिकटवताना गोंद ओला असेपर्यंत डोळे उघडता येत नाहीत, म्हणून रंगभूषा करणारी लोरेटा रोज सकाळी त्याला त्याची वाक्यं वाचून दाखवायची. आज वाचता वाचता ती थांबली. पटकथेतली आयत्या वेळी बदललेली पानं गुलाबी कागदावर येतात, आणि तिच्या हातातलं पान गुलाबी होतं.

मार्विन लास्को दारातच थबकला. मालिका त्याची, लेखक तोच, निर्माताही तोच. एखादं पात्र मारायचं तर पानं वाटण्याआधी नटाला स्वतः फोन करायचा, ही हॉलीवूडची रीत त्यानेच नवख्या लेखकांना शिकवली होती. पण आठवडाभर तो फोन उद्यावर ढकलत राहिला. कागदावर परग्रहांवरची युद्धं मिटवणाऱ्या या माणसाला दोन गल्ल्यांपलीकडच्या मित्राशी बोलायला धीर होईना.

वाहिनीला तरुण चेहरे हवे होते हे खरं, पण कुणाला काढायचं ते मार्विननेच सुचवलं होतं. व्हर्जिलची बायको अंथरुणाला खिळलेली, तिच्या उपचारांचा विमा नवऱ्याच्या कामावर चाललेला, हे त्याला माहीत होतं. आणि व्हर्जिल भांडणार नाही, हेही. म्हणूनच त्याचं नाव आधी सुचलं, या लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"पुढं वाच की," व्हर्जिल म्हणाला.

"मला नाही वाचवत. साहेब आलेत, त्यांनाच सांगा."

"मग तू वाच, मार्विन. तूच लिहिलंयस ना?"

मार्विनने वाचलं. परग्रहाचा राजदूत पाठमोरा यानात शिरतो. दार बंद होतं. यानाचा स्फोट होतो.

"आणि माझं वाक्य?"

"नाहीये."

व्हर्जिलने मिटल्या डोळ्यांनीच गालावरचा अर्धवट चिकटलेला रबर चाचपला.

"नुसती पाठच दिसणार, तर तोंड कशाला चिकटवतोय आपण?"

फोन केला असता तर व्हर्जिल पहाटे उठून इथे आलाच नसता. मार्विन पुटपुटला, हवं तर घरी जा, पोशाख दुसऱ्या कुणाला तरी घालू.

"नको. राजदूत माझा आहे. लाव गं लोरेटा, नीट लाव."

लोरेटा डोळे पुसायला वळली. मार्विन पुढे झाला आणि त्याने तो निळा रबरी गाल तळव्याने दाबून धरला. गोंद वाळेपर्यंत असंच उभं राहावं लागतं. त्या चेहऱ्याकडे त्याला बघवत नव्हतं, आणि हातही काढता येत नव्हता.