मधला डबा

पिंपाच्या झाकणावर हात टेकून वासंतीबाई कोनाड्याकडे वाकल्या. आतल्या पांढऱ्या डब्यावरचा दिवा पुन्हा पिवळा झाला होता. न्याहारीच्या आधी तो पांढरा होता, त्यांनी स्वतः पाहिला होता. वरच्या मजल्यावर ऋतिका, त्यांची सून, इंग्रजीत कोणाला तरी विचारत होती की माझा आवाज येतोय का. तिने ते तीनदा विचारलं. मग खुर्ची जोरात मागे सरकल्याचा आवाज आला.

वासंतीबाई जिना उतरून स्वयंपाकघरात आल्या आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात निळ्या पेनाने लिहिलं, १०.१२.

कात्रजचं हे रो-हाउस अरुंद होतं, एकावर एक ठेवलेल्या खोल्यांसारखं. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर वायफायचा एकेक डबा होता. ते बसवणारा बजरंग लातूरकडचा, चाळिशी ओलांडलेला माणूस. त्याने समजावलं होतं की इंटरनेट खालच्या डब्यात येतं, तो मधल्याला सांगतो, मधला वरच्याला. पांढरा दिवा म्हणजे ऐकू येतंय, पिवळा म्हणजे येत नाही.

"म्हणजे ट्रंक कॉलच की," वासंतीबाई म्हणाल्या होत्या.

त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती, त्यातली पहिली सतरा ट्रंक बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. सोलापूरला पुणे जोडायचं, पुण्याला नागपूर. लाइन तुटली की वेळ लिहायची, कुठून कुठे ते लिहायचं. दहा वेळा तुटली तर दहा वेळा लिहायचं. कारण नंतर सापडतं, आधी वेळ हवी, असं त्यांच्या सुपरवायझर बाई सांगत.

बोर्डावर प्रत्येक दोरीपाशी एक बारीक दिवा असे. एखाद्याने फोन खाली ठेवला की तो लागे. किती तरी लोक भांडता भांडता फोन ठेवून देत आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याला सांगत की लाइन तुटली होती. ऑपरेटरला खरं माहीत असे. पण ते बोर्डावरच राहायचं. सतरा वर्षांत वासंतीबाईंनी एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

आता मात्र त्यांना काहीच कळेनासं झालं होतं. बजरंग येऊन गेला, तेव्हा तिन्ही दिवे पांढरेशुभ्र. त्याने वायर बदलली, काहीतरी बंद करून चालू केलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पिवळा. तिसऱ्या दिवशी दिवसभर पांढरा. चौथ्या दिवशी पुन्हा पिवळा. शेजारच्यांनी मायक्रोवेव्हला दोष दिला, त्यांच्या मुलाने, अभयने, भिंतीतल्या लोखंडाला. वासंतीबाईंनी मिक्सर लावून पाहिला, गीझर लावून पाहिला, एकदा देवघरातली समईसुद्धा विझवून पाहिली आणि स्वतःशीच ओशाळल्या.

याच्यावर बरंच अवलंबून होतं. मागच्या रविवारी जेवताना अभयने सांगितलं होतं की ऋतिकाच्या मॅनेजरने तिला ताकीद दिली आहे. घरून काम जमत नसेल तर रोज हिंजवडीला या. कात्रजहून हिंजवडी म्हणजे जायला दोन तास, यायला दोन. महिनाअखेरपर्यंत हे नीट झालं नाही तर आम्हाला तिकडेच घर बघावं लागेल, असं तो म्हणाला होता. आम्हाला. वासंतीबाईंनी त्याला आणखी भात वाढला होता.

बुधवारी दूधवाल्याचा खाडा लिहिताना त्यांची नजर कॅलेंडरवर थांबली. महापालिकेचं पाणी दिवसाआड येई. त्या तारखांभोवती त्यांनी नेहमीप्रमाणे लाल गोल केले होते. आणि एकूण एक निळी वेळ लाल गोलातच होती. गोलाबाहेर एकही नव्हती.

पाणी आलं की त्या मधल्या मजल्यावरचं निळं पिंप गच्च भरत. गच्चीत टाकी होती, नळाला चोवीस तास पाणी होतं, तरी भरत. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. हातात कळशी धरून रांगेत काढलेले ते दिवस त्यांच्या अंगातून गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते पाणी शिळं म्हणून झाडांना, फरशीला आणि अंगणाला जाई. ऋतिकाचं काम सुरू व्हायच्या आत पिंप रिकामं होई.

त्यांनी बजरंगला फोन लावला आणि जरा संकोचतच विचारलं, की पाण्याचा आणि याचा काही संबंध असतो का.

तो आधी हसला. मग एकदम थांबला.

"मावशी, पिंप कुठं ठेवलंय तुम्ही?"

"कोनाड्यासमोर. जिन्याच्या तोंडाशी."

"मी आलो तेव्हा तिथंच होतं की ते. पालथं घातलेलं."

"धुऊन वाळत घातलं होतं. तुम्ही येणार म्हणून."

"घ्या," बजरंग म्हणाला. "भरल्या पाण्यातून सिग्नल जात नाही, मावशी. दोनशे लिटरची भिंत बांधलीय तुम्ही मध्ये."

 फोन ठेवल्यावर वासंतीबाईंनी वर जाऊन तळाशी उरलेलं पाणी तांब्याने उपसलं, पिंप पुसलं आणि पालथं घातलं. घरात कुणाला काही बोलल्या नाहीत. तक्रार मिटली असं लिहायच्या आधी आठ दिवस लाइन तपासायची, हा खात्याचा शिरस्ता होता.

आठ दिवस दिवा पांढरा राहिला. लाल गोल येऊन गेले, त्यांत काही लिहावं लागलं नाही. पाणी यायचा आवाज झाला की त्यांचे हात शिवशिवत, पण पाइप त्यांनी खुंटीवरच ठेवला. आठव्या दिवशी, गुरुवारी, त्या मुद्दाम मधल्या मजल्यावर चटई टाकून वाल सोलत बसल्या. वरून ऋतिकाचा आवाज सलग येत होता, ती मध्येच खळखळून हसतही होती. दिवा एकदाही हलला नाही.

रात्री त्यांनी डाळिंब्यांची उसळ केली. जेवण निम्मं झालं की सांगायचं, असं ठरवलं होतं.

"आई, आज परत तीनदा तुटलं," ऋतिका म्हणाली.

वासंतीबाईंनी हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांची सवय.

ऋतिकाने अभयकडे पाहिलं. "अकराच्या सुमाराला. मग दुपारी पण."

अकराला ती हसत होती. वासंतीबाईंच्या मांडीवर तेव्हा वालांचं ताट होतं. त्यांना आधी वाटलं, आपल्याच पाहण्यात काही चुकलं असेल, डोळ्यांचं आता काय सांगावं. त्यांनी दोघांकडे पाहिलं. अभय ताटातल्या उसळीतून एकेक डाळिंबी बाजूला करत होता. लहानपणी खोटं बोलताना तो असंच करायचा.

"हे काही सुधारत नाही, आई," तो खाली बघूनच म्हणाला. "म्हणून एक फ्लॅट बघून आलो. वाकडला. ऋतिकाला तिथून जवळ पडेल. आम्ही येत जाऊच दर शनिवारी."

"बरं," वासंतीबाई म्हणाल्या. "उसळ घे अजून."

शुक्रवारी सकाळी पाणी आलं. वासंतीबाईंनी पिंप सरळ केलं, ओढत कोनाड्यासमोर आणलं आणि खुंटीवरचा पाइप काढून आत सोडला. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा मोबाइल वाजला.

"मावशी, बजरंग बोलतोय. तुमच्या त्या पिंपाचं काय केलंत?"

"जागेवर आहे."

"अहो, मग तुटतच राहणार."

पाणी काठापर्यंत आलं होतं. त्यांनी नळ बंद केला, झाकण लावलं आणि कोनाड्याकडे वाकून पाहिलं. दिवा थोडा वेळ पांढरा राहिला, मग पिवळा झाला. वर ऋतिका बोलता बोलता थांबली.

"हो," वासंतीबाई फोनमध्ये म्हणाल्या. "तुटतंय."