सतरावी खूण

टिपणिसांनी केबलचं टोक जोडणीतून उपटलं आणि राघोच्या पायाशी टाकलं.

"पुन्हा तेच. तुझा सांधा लाट परत फेकतोय."

कळव्याच्या खाडीकाठी नव्याने उभ्या राहिलेल्या बिनतारी केंद्राची ती खोली. टेबलावर हातभर लांबीची पितळी नळी आडवी बसवलेली. तिच्या चिरेतून एक सुई पुढेमागे सरकवायची आणि शेजारच्या मीटरचा काटा पाहायचा. केबल निर्दोष असली तर काटा जागचा हलत नसे. वाटेत कुठे खोट असली की तिथून लाट उलटी फिरे आणि सुई सरकेल तसा काटा चढे, उतरे. आज तो तिसऱ्यांदा चढला होता आणि तिसऱ्यांदा, सुई नळीवरच्या सतराव्या खुणेशी येताच, पडला होता.

सांधा राघोने तीनदा केला होता. आधीचे दोन, तपासणी करणाऱ्या टिपणिसांच्या शब्दाखातर कापून टाकलेले. दर वेळी हातभर केबल वाया गेली. आणखी एकदा कापली तर ती मनोऱ्यापर्यंत पोचणारच नव्हती. चार वाजता मोठे साहेब यायचे होते. राघोला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे नोंदवहीतल्या आजच्या ओळीवर ठरणार होतं.

टिपणिसांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. मिठागरात जन्म गेला, कथलाचे चार डाग द्यायला शिकला आणि लागला तोंड वर करून बोलायला. गेल्या महिन्यात सगळ्यांदेखत म्हणाला होता, टिपणीस नळीला विचारतात, केबलला विचारत नाहीत. लोक हसले होते. ते हसू टिपणिसांच्या कानांतून अजून गेलं नव्हतं.

"उभा काय राहिलास? करवत घे."

"कापनार नाय."

"काय म्हणालास?"

"दोनदा कापला. सांधा दोन हात अलीकडं आला. तुमचा काटा कुठं पडतो? परवा सतरा, काल सतरा, आज बी सतरा."

"मग? खोट तीच, म्हणून खूण तीच."

"मिठागरात पानी बांधावर आपटून मागं येतं, तवा मधे वळ्या उभ्या राहतात. बांध हातभर सरकवा, वळ्या बी सरकतात. हितं सांधा सरकला नि वळी जागच्या जागी. तुमचा बांध दुसरीकडं हाय, टिपणीससाहेब."

"मिठागरातलं शहाणपण मिठागरात ठेव."

"ठेवलं असतं. पन तुमी माझं पोट कापताय."

टिपणिसांनी वही ओढली ती त्याला तोंडावर पाडायला. तीन पानं उलटली. सतरा. सतरा. सतरा. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार.

मग खण उघडून त्यांनी लाकडी पेटी काढली. आत परदेशातून आलेला एक ठोकळा होता. आलेली लाट सगळी गिळून टाकणारा, काही म्हणजे काही परत न पाठवणारा. काम सुरू करण्याआधी तो नळीला लावून काटा पारखायचा, असा रिवाज. पावसाळ्यात नळीची जोडणी तुटली, टिपणिसांनी स्वतः नवी बसवली, आणि तेव्हापासून पेटी उघडली नव्हती. आपल्याच हातचं काम पारखायचं कशाला?

त्यांनी केबलच्या जागी ठोकळा नळीच्या जोडणीला लावला. सुई सरकवली.

काटा चढला. उतरला. सतरा.

बाहेर मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तारा वाऱ्यात घुमत होत्या. कीर्तनात बुवा मध्येच गप्प व्हावेत आणि विणेकऱ्याची तार तेवढी एकटी चालू राहावी, तशा.

राघो हसला नाही. टिपणिसांनी त्याच्याकडे न बघता लिहिलं, सही ठोकली, टीपकागद दाबला.

"झालं तुझ्या मनासारखं. जा आता."

राघोने वही स्वतःकडे फिरवली. याला वाचता कुठे येतंय, म्हणून टिपणीस ठोकळा पुसू लागले. तोच श्रावणात देवळात पोथी लावणाऱ्याचा संथ, ठाय सूर त्यांच्या कानी आला.

"तिन्ही सांधे... निर्दोष." त्याने पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे आला. "खोट कुठं होती, ते नाय लिवलं."

"त्याची गरज नाही."

"मोठे साहेब इचारतील, मग दोन हात केबल कशापायी कापली? मी सांगू, का तुमी लिवता?"

डांबराने काळं पडलेलं बोट राघोने सहीच्या खाली टेकवलं.

"हितं जागा हाय."

आणि दुसऱ्या हाताने त्याने दौत त्यांच्यापुढे सरकवली.