शागदारबाबांचा बारा किलोचा देव

उणे तेहतीसच्या थंडीत अख्खी वस्ती कचेरीच्या अंगणात लोटली होती. श्वासांची वाफ एवढी, की मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. तरी माना डोलावण्यात मागचेच पुढे होते.

अंगणात दोन गाड्या उभ्या. एक शागदारबाबांची जुनी पेट्रोलची जीप आणि दुसरी दवाखान्याची नवी, विजेवरची गाडी. दोघींना रात्रभर उघड्यावर उपाशी ठेवायचं, एकीला शेगडी नाही नि दुसरीला चार्जिंगची तार नाही, अशी पैज बाबांनीच लावली होती. सकाळी डॉक्टर यांजमानं किल्लीची कळ दाबून पाहिली, तर तिच्या गाडीनं साधं दारही उघडलं नाही.

"उघडेल कशी?" बाबांनी ढोलावर थाप मारली. "पेट्रोलच्या पोटात अग्नी नांदतो. विजेच्या गाडीत चूलच नाही. बिनचुलीच्या घरात देव राहतो का रे?"

"नाही राहत," गर्दी म्हणाली.

मग बाबांच्या तंबूतून दोन चेले निळ्या रेशमी वस्त्रांचं गाठोडं पोटाशी धरून वाकत वाकत आले. हे बाबांचं कुलदैवत. "जड झालंय बिचारं," बाबा म्हणाले, "तुमची पापं उचलतंय ना." लोकांनी गाठोड्याला कपाळं टेकवली. दैवत जीपच्या पुढच्या झाकणाखाली स्थानापन्न झालं, बाबांनी पडद्याआड काही मंत्र पुटपुटले, इंजिनात किटलीतून वाफाळतं काळं तीर्थ ओतलं, आणि जीप खोकत खाकरत सुरू झाली. बर्फात माणसं भराभर गुडघ्यांवर बसली.

दोल्गोरआजी अंगरख्याची बाही नाचवत यांजमापाशी आली. "बघ, गाठोड्याला टेकलेल्या बाहीला तीन भोकं! तीनदा घास घेतला देवानं. सुनेच्या बाहीचा एकदाच घेतला."

यांजमाचं तिकडे लक्ष नव्हतं. पहाटेच मेंढपाळ रादनाचा भाऊ घोडा फेकत आला होता. दूरच्या हिवाळी गोठ्यावर रादनाच्या बायकोला कळा लागल्या होत्या. आणि आता वस्तीप्रमुख नावान सांगत होता, "डॉक्टरीणबाई, ही गाडी आजच जिल्ह्याला परत धाडतो. पेशंटसाठी बाबांची जीप आहेच."

"मग आत्ता चला की, बाबा," यांजमा म्हणाली.

"दैवताला विचारावं लागेल. तोवर एक मेंढी बांधून ठेवा."

गेल्या महिन्यात न्यूमोनियाच्या पोराला दैवतानं असंच नाही म्हटलं होतं, कारण बापानं मेंढीऐवजी बकरी आणली होती. पोर घोड्यावरून दवाखान्यात आलं तेव्हा काळंनिळं पडलं होतं. यांजमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही बोलणार, तोच आजीची बाही पुन्हा तिच्या नाकासमोर आली, आणि या वेळी तिनं ती नीट पाहिली. भोकांच्या कडा तपकिरी होत्या, बोट लावताच भुगा होत होत्या. तिचे वडील ट्रक चालवायचे. त्यांच्या प्रत्येक अंगरख्याला असलीच भोकं असत.

"बाबा, जीप बंद करा जरा," ती एकदम नरमाईनं म्हणाली. "मलाही देवाला नमस्कार करायचाय."

बाबा फुगले. डॉक्टर शरण आली म्हणजे सोन्याहून पिवळं. त्यांनी जीप बंद केली. यांजमानं दवाखान्याच्या पिशवीतला खायचा सोडा चिमूटभर गाठोड्यावर टाकला. रेशमावर फसफसून फेस आला.

"कोपला!" बाबा ओरडले. "देव कोपला!"

"आम्ल आहे ते, आजीच्या बाहीला भोकं पाडणारं. सोडा पडला की फसफसतंच." तिनं एकेक वस्त्र सोडायला घेतलं. नवव्या वस्त्राखाली काळा डबा होता आणि त्याला शिशाची दोन शिंगं होती.

मागच्यांनी माना उंचावल्या. मग मागून आवाज आला, "अरे, ही तर बॅटरी. माझीपण रोज चुलीपाशीच झोपते."

"मूर्खांनो, देवानं बॅटरीचं रूप घेतलंय," बाबा म्हणाले.

"आणि तीर्थानं गरम ऑइलचं?" यांजमानं किटली लोकांच्या नाकांखाली फिरवली.

बॅटरी रात्री घरात घ्यायची आणि सकाळी ऑइल तापवून ओतायचं, हे इथला प्रत्येक जण बापजाद्यांपासून करत आला होता. स्वतःच्याच रोजच्या कामाला वर रेशीम गुंडाळल्याबरोबर सगळ्यांनी लोटांगण घातलं होतं.

"पण तुमची गाडी का मेली?" नावाननं विचारलं.

यांजमानं किल्लीतलं लोखंडी पातं फिरवून दार उघडलं आणि आपल्या गाडीचं पुढचं झाकण वर केलं. आत एक लहानशी, तशीच काळी बॅटरी होती. "गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीत चार्ज शिल्लक आहे. पण दार उघडणारी, गाडीला जागं करणारी ही धाकटी. ती गारठली. विजेच्या गाडीतही ही असते, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

बाबांच्या देवापासून तिनं दोन तारा ओढून धाकटीला जोडल्या. गाडी जागी झाली, दिवे लागले. दोल्गोरआजीनं हात जोडले. "आला गं बाई देव इकडे!"

"आजी, हात खिशात घाला, बोटं गारठतील."

"मग चांगली गाडी कुठली? पेट्रोलची का विजेची?" नावान अडून बसला.

"थंडी दोघींनाही बाधते. ही माझी तर हिवाळ्यात निम्म्या अंतरातच दमते, म्हणून तिला रात्री तार हवी. त्या जीपला सकाळी ऊब हवी. मेंढी दोघींनाही लागत नाही." तिनं तारा काढल्या. "परत धाडताय का गाडी?"

नावाननं मान खाली घालून नकार दिला. यांजमा रादनाच्या भावाला शेजारी बसवून निघाली.

बाळ पायाळू होतं. आईचं बळ संपत आलं होतं आणि रादना दाराबाहेर मेंढी धरून बाबांच्या जीपची वाट पाहत उभा होता. यांजमा पोचली म्हणून दोघं वाचली. देव मानायचा त्यानं मानावा, पण कुणी झाकून आणलेल्या गाठोड्यापुढे कपाळ टेकण्याआधी ते एकदा उघडून पाहावं. आपण पाहिलं नाही, तर त्याची किंमत दूरच्या गोठ्यावर कळा देणारी एखादी बाई मोजते.