काचेखाली जे होतं ते

लोक राईचा पर्वत करणाऱ्याला नावं ठेवतात. माझा तर तो धंदाच आहे. मी सूक्ष्मदर्शक. लोखंडी पाय, दोन्ही बाजूंना चित्र स्पष्ट करायची चाकं आणि पोटात एकाखाली एक बसवलेली भिंगं. आजवर लोकांनी मला डोळा लावला, कान कुणी दिला नाही. आज तेवढा द्या.

माझी भिंगं एका म्हाताऱ्या कारागिरानं घासली. घासायचा, उजेडात धरायचा, मान हलवायचा, पुन्हा घासायचा. त्याच्या मनासारखं झालं तेव्हा मला खोक्यात बसवलं आणि मी औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत आलो. खोकं उघडलं ते विभागाच्या प्रमुखांनी. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. बाळाला उचलावं तसं त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं. कुणी माझ्या भिंगाला बोट लावलं तर सर भडकत. मऊ कापडानं मला पुसायचं काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही.

त्यांच्या हाताखाली एक मुलगी पीएच.डी. करायला आली. धाकटी पोरं तिला 'ताई' म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. पहिल्याच दिवशी सरांनी तिला शिकवलं, "एक डोळा मिटू नकोस गं. दोन्ही उघडे ठेव, म्हणजे थकवा येत नाही." ताई शिकली. दिवस दिवस माझ्यापुढे बसायची. तिच्या डोळ्यांची ऊब माझ्या काचेला ओळखीची झाली.

काम होतं लहान मुलांच्या तापावरच्या एका औषधाचं. औषध सरांचंच, अर्ध्या आयुष्याची मेहनत. ते उंदरांना द्यायचं, मग त्यांच्या मूत्रपिंडाचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन, नीट दिसावेत म्हणून रंगवून माझ्याखाली तपासायचे. औषध न दिलेल्या उंदरांच्या नळ्या रेखीव होत्या. जास्त मात्रा दिलेल्यांच्या सुजलेल्या, आतलं अस्तर गळून पडलेलं. मला तर स्वच्छ दिसत होतं. ताईलाही दिसलं. तिनं सरांना बोलावलं.

सरांनी डोळा लावला. चित्र स्पष्ट होतं, तरी त्यांनी चाक दोनदा मागेपुढे फिरवलं.

"रंग नीट चढला नाहीये," ते म्हणाले. "या स्लाइड सोडून दे."

"सर, सगळ्याच?"

"मी बघतो. पेपर मी लिहितो, तू काळजी करू नकोस."

सर म्हणाले, म्हणजे असेल तसं, असं तिला वाटलं. शोधनिबंध एका मोठ्या जर्नलमध्ये छापून आला. ताईचं नाव सरांच्या नावाला लागून. लोकांनी तिचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं. त्या निबंधाच्या भरवशावर एका रुग्णालयानं आजारी मुलांना ते औषध देऊन बघायची तयारी सुरू केली.

आणि मग जर्नलच्या संपादकबाईंची मेल आली. ताईनं ती माझ्या शेजारीच बसून वाचली. एका वाचकाला निबंधातली दोन चित्रं एकच वाटत होती. एक सरळ, दुसरं उलटं फिरवलेलं. मूळ छायाचित्रं आणि काचपट्ट्या दाखवाव्यात, असं बाईंनी दोघांनाही कळवलं होतं.

ताईनं निबंध उघडून कागद फिरवून धरला. कापाला पडलेली ती बारीक, वाकडी घडी तिनं लगेच ओळखली. ते छायाचित्र तिनंच माझ्यातून काढलं होतं. औषध न दिलेल्या उंदराचं. छापलं होतं औषध दिलेल्याचं म्हणून. तिनं कागद माझ्या शेजारी पालथा ठेवला.

सर आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"वाचलीस?"

"सर, हे चित्र..."

"स्लाइडवरच्या चिठ्ठ्या तुझ्याकडून बदलल्या गेल्या, असं लिही. चूक कुणाच्याही हातून होते. माफी मागायची, दुसरं चांगलं चित्र पाठवायचं. संपलं."

"पण चूक झालीच नाहीये, सर. आणि दुसरं चांगलं चित्र आहे कुठे?"

"आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत गं! तुझा प्रबंध माझ्या सहीसाठी थांबलाय, विसरलीस?" मग आवाज एकदम खाली आला. "माझा धाकटा भाऊ याच तापानं गेला. माझ्या मांडीवर. हे औषध चालणार आहे. थोडी मात्रा इकडेतिकडे केली की चालणार आहे."

"मग तसं लिहायचं होतं ना," ताई म्हणाली. "आता ती मुलं हीच मात्रा घेतील."

सर निघून गेले.

तिनं आईला फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "म्हणजे पदवी लांबणार? अगं, मी सगळ्यांना सांगून बसलेय!" मग आई म्हणाली, "जेवलीस का?" ताई रडली ती तेव्हा. माझ्या काचेवर थेंब पडला, तो तिनं सरांच्याच मऊ कापडानं पुसला.

दुसऱ्या दिवशी तिनं वगळलेल्या सगळ्या काचपट्ट्या बाहेर काढल्या. एकेक माझ्याखाली ठेवायची, छायाचित्र घ्यायची. दारात सर येऊन उभे राहिले.

"थांब," ते म्हणाले.

मला वाटलं, आता हे काचपट्टी हिसकावणार. एका फटक्यात तिचा चुरा झाला असता. ताई स्टुलावरून उठली. ती बाजूला झाली.

"सर, आधी तुम्ही बघा. रंग चढला नसेल तर मी नाही पाठवत."

सर वाकले. त्यांचा श्वास माझ्या काचेवर धुकं धरत होता. किती तरी वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग सरळ झाले, मला उगाचच कापडानं पुसलं आणि निघून गेले. ताईनं सगळी छायाचित्रं संपादकबाईंना पाठवली.

बाईंनी संस्थेला चौकशी करायला सांगितलं. समिती माझ्यापाशीच जमली, एकेकानं पाहून घेतलं. अध्यक्षांनी विचारलं, "चित्र कुणी फिरवलं?" ताईनं मान वर केली नाही. सरांच्या एका शब्दानं ती संपली असती.

"मी," सर म्हणाले. "तिला छापून आल्यावर कळलं."

निबंध मागे घेतला गेला. जर्नलनं कारण लपवाछपवी न करता छापलं. रुग्णालयातली चाचणी सुरू होण्याआधीच थांबली. सर पद सोडून गेले. जाताना माझ्याकडे आले नाहीत, ते मला लागलं. ताईला कुणी डोक्यावर घेतलं नाही. गुरूला बुडवलंस, असं लोक तिच्या तोंडावर म्हणाले. नवा मार्गदर्शक शोधण्यात आणि काम पहिल्यापासून करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. पदवी मिळाली, पण आनंद वाटून घ्यायला विभागातलं कुणी उरलं नव्हतं.

आता प्रयोगशाळेत कॅमेरा आतच बसवलेली नवी यंत्रं आहेत. माझं एक चाक अडकतं, एका भिंगावर बुरशी धरलीय. संस्थेनं मला एका कॉलेजच्या वर्गाला देऊन टाकलंय, आणि त्या वर्गाला ताईच शिकवते. मुलं रांगेनं येतात. निम्म्यांना आपल्याच पापण्या दिसतात, तरी "दिसलं, दिसलं" म्हणत पुढे सरकतात. शेजारच्याला दिसलं ना, मग आपल्याला दिसलं नाही असं कसं सांगायचं!

परवा एक मुलगी डोळा लावून बसली ती उठेच ना. मागची पोरं हसायला लागली. "मॅडम, मला काहीच दिसत नाहीये," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

ताईनं सगळ्या वर्गाला गप्प केलं. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "बस. सावकाश बघ. आम्ही थांबतो."

माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. अशी कुणी 'मला दिसत नाही' म्हणाली, तर तिला जरा वेळ द्या.